शिवम्माच्या बेलावरची विभूती

कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, तव्यावर भाकरी होती आणि आमचे हे दुकानाच्या किल्ल्या शोधत होते. किल्ल्या फ्रिजवर आहेत हे मला माहीत होतं, पण त्यांनी मला विचारलं नव्हतं. तेवढ्यात कडी वाजली.

वडवणीत आमच्या गल्लीतले लोक ‘हाय का घरात’ म्हणत थेट ओट्यापर्यंत येतात. कडी वाजवून बाहेर थांबणारा माणूस एकच, मन्मथप्पा.

मन्मथप्पा विभूती करतात. शेणाच्या गोवऱ्या जाळायच्या, राख वस्त्रगाळ करायची, पाण्यात कालवून वड्या पाडायच्या आणि आठवडी बाजारात सतरंजी टाकून बसायचं. चाळीसेक वर्षं हेच. गिऱ्हाइकाला हाक मारत नाहीत. ‘ज्याला कपाळ हाय त्यो येतो,’ म्हणतात. एकदा सासूबाईंनी विभूती खरखरीत लागते असं सहज म्हटलं, तर सगळ्या वड्या परत नेल्या, फोडून पुन्हा गाळल्या आणि आठ दिवसांनी मुकाट्यानं आणून दिल्या. बायको, शिवम्मा, दोन वर्षांपूर्वी गेली. आम्हा लिंगायतांत दहन नसतं. त्यांच्याच शेताच्या बांधाला तिला माती दिली आणि अप्पांनी त्यावर बेलाचं रोप लावलं.

त्या दिवशी त्यांच्या हातात त्याच बेलाचं पान होतं. चुना फासल्यासारखं पांढरं.

“सूनबाई, तुमी झाडांचं शिकलेल्या. बेल खंगायलाय. कावून?”

मी बीडच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. त्यानंतरच्या अठरा वर्षांत त्या पदवीला कुणी काही विचारलं असेल तर ते कढीपत्ता कुंडीत का वाढत नाही, एवढंच. मी गॅस बारीक केला आणि अप्पांना बसवलं.

पाणी किती घालता? रोज दोन बादल्या. कधी? भर दुपारी, कारण तेव्हा तिला तहान लागत असेल. ‘तिला’ म्हणाले. मी पुढचं विचारलं. पानं पांढरी कशानं? तर दर सोमवारी अप्पा स्टूल घेऊन शेतात जातात आणि वस्त्रगाळ विभूती शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पानापानाला वरून-खालून लावतात. पावसाचं शिरवं येऊन धुऊन गेलं तर मंगळवारी पुन्हा.

मी सांगितलं की पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. मुळांकडून पाणी येतं. पानाला खालच्या अंगाला बारीक तोंडं असतात, त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो. हिरवा रंग उजेड धरतो, त्या उजेडाच्या जोरावर दोन्हीची साखर होते, आणि ऑक्सिजन बाहेर पडतो तो आपल्याला. वापरून उरलेली साखर पानात पिठासारखी साठून राहते. उजेड वाढला की काम वाढतं, पण एका हद्दीपर्यंतच. ऊन फार तापलं, पाणी तुटलं, तर पान तोंडं मिटून घेतं, मग हवा येत नाही आणि काम मंदावतं. यातली जी एक गोष्ट कमी, तिच्यावर सगळं अडतं. पीठ पोतंभर असलं तरी तवा एकच असेल तर भाकरी एकेकच होणार. तुमच्या बेलाला पाणी आहे, हवा आहे, ऊन तर बीड जिल्ह्यात मागावं लागत नाही. पण राखेतून ते ऊन आत जात नाही, आणि खालून तोंडंही बुजतात.

अप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “इबूतीनं कुणाचं वाईट हुतं, हे मी पयल्यांदा ऐकायलोय.”

ह्यांना किल्ल्या सापडल्या होत्या. जाता जाता म्हणाले, अप्पा, आमच्या वरणात मीठ जास्त झालं तरी हिला त्याचं कारण पुस्तकात सापडतं.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. चाळणीतून गाळल्याशिवाय काही न घेणारा माणूस, त्याला दाखवायलाच हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतात गेलो. बेलाचं पान तीन दलांचं, प्रयोगाला फार सोयीचं. मधलं दल पुसायचं, बाजूची दोन तशीच ठेवायची. मी ओलं फडकं अप्पांपुढं केलं. त्यांनी ते घेतलं आणि पुन्हा माझ्या हातात दिलं.

“शिवम्माच्या कपाळाची इबूत मी पुसू व्हय?”

पाच पानांची मधली दलं मी पुसली आणि देठांना लाल दोरा बांधला. तोवर अप्पा रस्त्याकडं तोंड करून उभे होते. त्या आषाढात पावसानं दडी मारली होती, त्यामुळं तीन दिवस ऊन चांगलं मिळालं.

चौथ्या दिवशी दुपारी पानं तोडली. घरी आणून सगळी धुतली, उकळत्या पाण्यात बुडवली. मग गॅस बंद करून, गरम पाण्यात वाटी ठेवून, वाटीतल्या स्पिरिटमध्ये टाकली. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला, पानं फिक्कट झाली. मेडिकलमधून आणलेलं आयोडीन आधी बटाट्याच्या फोडीवर टाकून दाखवलं, पीठ असेल तिथं असं काळंनिळं होतं म्हणून. मग पानांवर टाकलं.

मधलं दल शाईसारखं झालं. बाजूची दोन चहाच्या रंगाची राहिली. पाचही पानांचं तसंच, फक्त एकाच्या डाव्या दलाला बोटभर काळा डाग आला. मला त्याचं कारण लावता येईना. अप्पांनी पान उजेडाला धरलं आणि बराच वेळ बघितलं.

“हितली इबूत वाऱ्यानं गेलती,” ते म्हणाले. “बुधवारी मीच बघितलंतं.”

मग बाकीची चारही पानं त्यांनी एकेक करून तशीच उजेडाला धरली. मी चहा ठेवला. तो निवला तरी त्यांनी उचलला नाही.

“म्हंजी दोन वर्सं मी तिला उपाशी ठिवलं.”

मी म्हटलं, झाड अजून जिवंत आहे, पानं मोकळी झाली तर श्रावण-भादव्यात नवी फूट येईल. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी. चपला घातल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबले.

“सूनबाई, पाणी मी आणून दितो. सकाळच्या पारी आणतो, दुपारी न्हाई. पुसायचं तेवढं तुमी पुसा.”