भूमच्या शिवारात बोट

“मॅडम इथल्याच आहेत म्हणे. मग बोलत का नाहीत?”

येरमाळ्याला चहासाठी आमचा लष्करी कॉन्व्हॉय थांबला होता. माझ्या तुकडीतला नाईक बलविंदर ड्रायव्हरला हिंदीत विचारत होता; मी ट्रकच्या पलीकडे उभी आहे हे त्याला माहीत नव्हतं. ड्रायव्हर त्याला म्हणाला, “इंग्लिश शाळेत शिकल्यात. शब्द रेशनवर देतात.” दोघं हसले. मलाही हसू आलं. चहा संपवून मगच मी समोर गेले.

मी तेव्हा लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये कॅप्टन होते. घर याच जिल्ह्यातलं, भूमशेजारच्या वाशीचं. पूरमदतीसाठी आमचा कॉलम दोन बोटी घेऊन भूम तालुक्यात निघाला होता. फाट्यावरच्या दुकानदाराने ट्रकवरची बोट बघून हात जोडले. “दरसाल आमच्याकडं टँकर येतंय. बोट पयल्यांदाच आली बघा.”

मुक्काम एका शाळेत होता. वादळी पावसाचा इशारा अख्ख्या जिल्ह्याला असायचा, पाऊस मात्र तुकड्यातुकड्याने पडायचा. वाशीत रस्ते वाहायचे, तेव्हा भूमला धुरळा उडायचा. सकाळी इंजिन तपासायचं, दोर वाळवायचे, वायरलेस सेट चालू ठेवून वाट बघायची. संध्याकाळी बलविंदर शाळेमागच्या घरी म्हशीची धार बघायला जायचा. पंजाबात त्याच्या आईच्या म्हशी होत्या. ते लोक त्याला पेलाभर दूध द्यायचे. परत आला की तो मला रिपोर्ट द्यायचा, “दूध चांगलं आहे मॅडम. आमच्यापेक्षा थोडं कमी.”

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या डोक्यावर ऊन होतं आणि वरच्या डोंगरात विजा चमकत होत्या. ओढ्याकाठच्या वस्तीवर एक कुटुंब अडकल्याचा निरोप आला. डोंगरातलं पाणी खाली पोचायच्या आत त्यांना काढायचं होतं.

अर्ध्या वाटेत मोटर बंद पडली. पाण्याखाली कुणाचं तरी शेत होतं, आणि ठिबक सिंचनाच्या नळ्या मोटरच्या पंख्याला गुंडाळल्या होत्या. बलविंदरने वाकून त्या कापल्या. “तुमच्या जिल्ह्यात पाण्याच्या आतही पाण्याचे पाइप आहेत, मॅडम.” पुढे आम्ही वल्ही मारत गेलो.

घराच्या स्लॅबवर नवरा-बायको, दोन मुलं आणि आजोबा होते. चौघं बोटीत उतरले. आजोबा उठेनात.

“मामा, चला की,” सून म्हणाली. “लेकरं गारठलीत.”

“तुमी व्हा म्होरं. म्हशी दाव्याला हायत. जनावर बांधून म्या न्हाय येत.”

“आजोबा, पाणी वाढतंय,” मी म्हणाले.

“वाढंना. मुक्या जिवाला बांधून पळालो तर गावात कुठं बसू?”

हा हट्ट मी लहानपणापासून ओळखत होते. बलविंदरला मराठी येत नव्हतं. तो गोठ्याकडे बघत होता.

“म्हैस?”

“दोन आहेत. बांधलेल्या.”

“मी जातो, मॅडम.”

आजोबांना तिथे सोडून निघणं शक्य नव्हतं. “कमरेला दोर बांधून जा,” मी म्हणाले.

छातीभर पाण्यातून तो गोठ्यात शिरला. थोड्या वेळाने एक म्हैस बाहेर आली, मग दुसरी. माना वर काढून दोघी बांधाकडे पोहत निघाल्या. आजोबा बोटीत येऊन बसले. तेवढ्यात वरून लोंढा आला आणि गोठ्याची मातीची भिंत बसली. आम्ही दोर ओढला. गोठ्याच्या पत्र्यावर कापलं गेलेलं टोक तेवढं हातात आलं.

“कंट्रोल, बोट वन. पाच नागरिक बोटीत. एक जवान पाण्यात. ओव्हर.”

“कन्फर्म करा. ओव्हर.”

“एक जवान पाण्यात. दिसत नाही. ओव्हर.”

कुटुंबाला काठावर उतरवलं, दुसरी बोट बोलावली आणि दोन्ही बोटी त्याला शोधायला परत गेल्या. नाईक बलविंदर दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळींच्या रांगेत सापडला.

पुढे सैन्यातली माझी मुदत संपली. मी वाशीला परतले. त्या वस्तीवर अधूनमधून जाते. आजोबा खाट टाकतात, सून चहा करते, कुणी फारसं बोलत नाही. मला ते बरं वाटतं.

बलविंदरच्या आईला फोन करायला मला बरेच महिने लागले. हिंदीत वाक्यं तयार ठेवली होती. शौर्य, कर्तव्य, युनिटला अभिमान. ती सगळी त्यांनी आधीच ऐकली असणार. मी फक्त नाव सांगितलं. त्यांच्या मागे कुठेतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

मग त्यांनी विचारलं, “बेटा, त्या म्हशी वाचल्या का? मला कुणी सांगितलंच नाही.”

“वाचल्या, माताजी,” मी म्हणाले. “दोघीही वाचल्या. थोरलीला रेडकू झालंय.”