माळावरची थरथर

माझं माहेर इंदापूरचं. आमच्या संशोधन संस्थेत ही गोष्ट एरवी कुणाच्या लक्षातही नसते; पण मोरगावजवळच्या माळावर जमिनीची थरथर मोजायचं ठरलं, तेव्हा प्रमुख म्हणाले, "तिकडचं बोलणं तुम्हाला येतं. तुम्हीच जा."

अणूहून लहान कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रं, म्हणजे कण-त्वरक, पुढच्या काळात कशी असावीत, यावर आमचा गट अभ्यास करत होता. अशा यंत्रात समोरासमोरून येणारे कणांचे दोन झोत एकमेकांवर आदळवायचे असतात, आणि ते झोत केसाहून कितीतरी बारीक. खालची जमीन जराशी हलली तरी त्यांची चुकामूक होते. म्हणून कुठली जमीन किती शांत आहे, ते आधी ऐकून घ्यायचं. तिथे यंत्र उभं राहणार असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

एका घराने पडीक रानाचा तुकडा वापरायला दिला. बांधाजवळ खड्डा खणून आम्ही थरथर टिपणारा मापक पुरला, वर झाकण टाकलं आणि वायर बोरीच्या झाडाखालच्या नोंदपेटीपर्यंत नेली. मी बारामतीत खोली घेतली. रोज सकाळी एसटीने जायचं, नोंदी उतरवून घ्यायच्या आणि ऊन चढायच्या आत परतायचं.

लांबच्या रस्त्याने उसाचा ट्रक गेला की लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ जाड व्हायची. शेळ्या आल्या की बारीक टोकं उमटायची. पण भर दुपारच्या नोंदीत, शेळ्याही सावलीला बसलेल्या असताना, एक वेगळंच काही सापडायला लागलं. हलके, एकसारखे ठोके. थोडा वेळ चालायचे, मग सावकाश होत होत थांबायचे. रोज.

"जवळपासचाच काहीतरी गोंगाट असणार," प्रमुख फोनवर म्हणाले. "कारण शोधा आणि बंद करा."

दुसऱ्या दिवशी मी परतले नाही. बोरीखाली पेटीला लॅपटॉप जोडून बसून राहिले. उन्हातून एक बाई आली. रान देणाऱ्या घरची थोरली सून. पहिल्या दिवशी तिनेच आम्हाला पाणी दिलं होतं. ती बांधाशी बसली, तळहात मातीवर ठेवला आणि हळूहळू थोपटायला लागली. माझ्या मांडीवरच्या पडद्यावर ठोके उमटू लागले.

मी उठून जवळ गेले. ती दचकली नाही.

"बसा की, ताई."

"काय करताय, मावशी?"

"पोरीला निजवतीय. नुकती चालाय लागली व्हती. तापानं गेली. ल्हान लेकराला जाळत न्हाईत आमच्यात, पुरत्यात. हितंच हाय ती."

"जागा दिली तेव्हा कुणी बोललं नाही."

"कुणी इचारलं न्हाय." तिचा हात चालूच होता. "तुमच्या मशीनला लई बारीक ऐकू येतं म्हणत्यात. व्हय?"

"हो. येतं."

"मग तिचं काय ऐकू येतं का?"

"नाही, मावशी. तुमचा हात तेवढा ऐकू येतो."

तिने जरा विचार केला. "म्हंजी खालपातूर पोचतो म्हणायचा हात."

"पोचतो."

"बरं झालं," ती म्हणाली.

मग हात मंदावला, थांबला. ती पदर झटकून घराकडे गेली. मी बोरीखाली परतले तेव्हा पडद्यावरची रेघ सपाट झाली होती. मी मात्र त्या सपाट रेघेवर डोळे लावून तशीच बसून राहिले. कशाची वाट बघत होते, ते मला कळत होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

थोपटणं बंद करा, असं मी तिला सांगितलं नाही. दुपारी माणसाचा वावर असतो, एवढंच प्रमुखांना कळवलं आणि ते तास हिशेबातून वगळले. पुढे जवळचा रस्ता रुंद होणार असं कळलं आणि ती जागा मागे पडली. मापक काढताना ती बाई बांधावर उभी होती.

"आता कुठलं ऐकाय नेताय?"

"दुसऱ्या गावचं."

"तितं बी लेकरं असतील," ती म्हणाली आणि शेळ्यांमागे गेली.

आता आमच्याकडची तरुण मंडळी प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित वायूतून, कणांना वेग द्यायचं काम करतात. मैलोगणती लांबीच्या त्वरकाचं काम एका दालनात व्हावं, अशी त्यांची खटपट आहे. ते जमलं, तर एवढी जमीन शोधत फिरावं लागणार नाही. तोवर ठिकठिकाणच्या नोंदी तपासायला माझ्याकडेच येतात. 'जमीन शांत आहे' असं लिहायची वेळ आली की मी थांबते आणि दुपारचे तास पुन्हा उघडते. बहुतेक वेळा तिथे काही नसतं.