लोकरबाईंचं फायकस

बोलताना लोकरीचा एखादा तुकडा डाव्या अंगठ्याभोवती गुंडाळत राहायचं. फोन उभ्यानेच घ्यायचा. कुणाच्या अंगावर स्वेटर दिसला की आधी त्याची कड उलटून आतली वीण बघायची, मग त्या माणसाची खुशाली विचारायची. कुंडीतल्या फायकसची पानं ओल्या फडक्याने पुसताना दुसरा हात खाली धरायचा, लहान मुलाचं तोंड पुसताना हनुवटी धरतात तसा.

शेजारच्या लोकरबाईंच्या या सवयी मला पाठ आहेत. उभं आयुष्य त्यांनी लोकरीच्या दुकानात विणण्यात आणि शिकवण्यात घालवलं, म्हणून सगळी इमारत त्यांना लोकरबाई म्हणे. मी मावशी म्हणायचे. मी साहित्याची पदवी घेऊन घरी बसलेली.

"पदवीधर, रिकामी असशील तर इकडे ये," त्या भिंतीवर थाप मारून ओरडायच्या. "रिकामीच असणार म्हणा."

फायकस त्यांच्या डोक्यापेक्षा उंच होतं. खिडकीपाशी, मोठ्या कुंडीत.

"झाड आहे ते, जावई नाही," मी चिडवायचे.

"जावई परवडला. हे वीतभर सरकवलं तरी रुसून पानं गाळतं."

मग त्या विसरायला लागल्या. एकदा गॅस चालू ठेवून बाहेर गेल्या. धाकटी बहीण परगावाहून धावत आली.

"ताई, तुला एकटीला ठेवायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर."

"मी काय लोणी आहे, मांजर खाईल म्हणून?"

"चेष्टा नको. मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय."

मावशींनी खिडकीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "मी सगळं सांभाळते. त्या झाडाला विचार."

बहीण वैतागून म्हणाली, "बरं बाई. थंडी संपेपर्यंत हे झाड नीट ठेवून दाखव. मग मी आश्रमाचं नाव काढणार नाही."

"शब्द दे."

बहिणीने दिला. तिने तो सहज दिला असेल. मावशींनी तो पदराला गाठ मारून ठेवला.

आता सगळं पाण्यावर होतं. आणि पाणी घातलं की नाही, हेच त्यांना आठवेना. कुंडीखालची ताटली सतत भरलेली. शेवटी त्यांनी आपल्या धंद्यातली युक्ती काढली. विणताना फेरा कुठे संपतो ते कळावं म्हणून सुईवर वेगळ्या रंगाचा दोरा अडकवतात. तसं पाणी घातलं की फांदीला लाल लोकर बांधायची. माती सुकली की सोडायची.

काही आठवडे जमलं. मग एका दुपारी त्या झारी घेऊन झाडासमोर उभ्या दिसल्या.

"लाल म्हणजे घातलं, की लाल म्हणजे घाल?"

"घातलं, मावशी."

"नक्की?"

"नक्की."

मी चहाचे कप विसळून आले, तर त्या पाणी ओतत होत्या. मी झारी काढून घेतली.

"तुम्ही सगळे मिळून हे वाळवणार," त्या म्हणाल्या. "आणि मला घालवणार."

पानं पिवळी पडली. मग गळू लागली. मातीला कुजका वास यायला लागला. मावशी गळलेली पानं पदरात गोळा करत आणि मला विचारत, "धाकटी कधी येणारे?"

एका सकाळी मात्र डोकं लख्ख होतं.

"पदवीधर, बाजारातून असंच दुसरं आण. धाकटीला कुठलं काय कळतंय? हिरवं दिसलं की झालं."

मी आणलं. त्या जाऊ नयेत असं मलाही वाटत होतं. जुनं झाड आम्ही मागच्या गच्चीत ओढत नेलं. मावशी धापा टाकत हसल्या. "चोर आहोत गं आपण दोघी."

थंडी संपली तशी बहीण आली. झाडापाशी गेली, पानांवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

"ताई, किती छान ठेवलंयस गं."

मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. थांबल्या.

"हे कुणाचं झाड?"

"तुमचंच, मावशी," मी म्हणाले.

"माझं नाही हे. माझं कुठंय?"

त्यांनी ट्रे जमिनीवर ठेवला आणि बहिणीचा हात घट्ट धरला. "अगं, या पोरीने माझं झाड पळवलं. मला इथून घालवायचंय हिला."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मला खरं सांगावं लागलं. सांगून झाल्यावर ती रागावली नाही. त्याच आठवड्यात मावशींना आश्रमात घेऊन गेली. जिना उतरताना मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घर आवरायला बहिणीने मला किल्ली दिली. मी गच्चीचं दार उघडलं. जुनं झाड कुंडीतून काढून वर्तमानपत्रावर आडवं केलेलं होतं. बहीण यायच्या आधी कधीतरी, मला न सांगता, मावशी त्याच्याशी झटत असणार. एका बाजूची कुजलेली मुळं नीट कापून बाजूला काढली होती. तिथली उरलेली मुळं पांढरी, स्वच्छ होती. दुसरी बाजू तशीच काळी. शेजारी दुसरी एक कुंडी तयार ठेवलेली, तळाशी थोडी कोरडी माती. कात्री मुळांमध्ये उघडीच राहिली होती.