रिकाम्या खाटेची चौकशी

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो, पण एका रिकाम्या खाटेचा फोटो आजही जसाच्या तसा आठवतो. चादर विस्कटलेली, सलाईनचा स्टँड बाजूला आणि पेशंटचा पत्ता नाही. एका आरोग्य विमा कंपनीने हा फोटो अर्जाला जोडून आमच्या ठाण्यात पाठवला होता. तेव्हा मी निपाणी भागात अधिकारी होतो आणि निवृत्ती तोंडावर आली होती.

अर्जातली तक्रार सरळ होती. जवळच्या गावातले एक सत्तरी ओलांडलेले जैन शेतकरी लघवीच्या संसर्गाने ताप येऊन शहरातल्या खासगी दवाखान्यात दाखल झाले होते. दवाखाना कंपनीच्या यादीत नव्हता, त्यामुळे मुलाने आधी पदरचे पैसे भरले आणि मग बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड जोडून क्लेम केला. दाखल झाल्याची खबर कंपनीला आधीच दिलेली होती, त्यामुळे पेशंट दवाखान्यात असतानाच कंपनीचा तपासनीस दोनदा संध्याकाळी येऊन गेला होता. दोन्ही वेळा खाट रिकामी. नर्स म्हणाली, बाथरूमला गेले असतील. तो अर्धा तास बसून राहिला, पण कुणी आलं नाही. कंपनीने निष्कर्ष काढला की पेशंट फक्त कागदावर दाखल होता. क्लेम नामंजूर झाला आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवा, असा अर्ज आमच्याकडे आला.

आरोपीचं वय पाहून मी थेट गुन्हा न नोंदवता आधी प्राथमिक चौकशी करायची ठरवली. दवाखान्याच्या मागच्या फाटकासमोर एक चहाची टपरी होती. टपरीवाल्याला ठाण्यातला प्रत्येक माणूस ओळखायचा आणि त्यालाही गावातलं सगळं ठाऊक असायचं. मी विचारायच्या आधीच त्याने सुरुवात केली.

"सायेब, त्यो म्हातारा न्हवं? रोज दिवस बुडायच्या आत मागल्या दारानं भाईर पडायचा. हाताला सुईची पट्टी तशीच. आन् घंट्याभरानं माघारी यायचा, ढेकर देत!"

मला वाटलं, झालं, प्रकरण मिटलं. पेशंट दवाखान्यात नसायचा, याचा साक्षीदारच मिळाला. मी बाप-लेकांना ठाण्यात बोलावून घेतलं.

मुलगा चाळिशीचा, तापट, काखेत कागदांची फाईल. आल्या आल्या तो म्हणाला, "सायेब, बिलं खरी, रिपोर्ट खरं. मी रोज रात्री आप्पांच्या उशाला झोपलोय. क्लेमचं ऱ्हाऊ द्या एक वेळ. पण फसवणूक म्हणून लिवलं तर पॉलिसी रद्द हुईल. आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. ह्या वयात तिला नवी पॉलिसी कोण देणार?"

मी आजोबांकडे वळलो. "संध्याकाळी कुठे जात होता?"

"फिराय."

"हाताला सुई ठेवून? अंगात ताप असताना?"

"व्हय."

पुढच्या प्रश्नांनाही असंच एका शब्दाचं उत्तर. मात्र एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. मी काहीही विचारलं की आजोबा माझ्याकडे न बघता मुलाकडे बघायचे. गुन्हा केलेला माणूस पोलिसाकडे बघतो, नाहीतर दाराकडे. घरच्या माणसाकडे चोरून बघणारा माणूस पोलिसाला नव्हे, घरच्यांना भीत असतो.

चौकशी लांबली. ठाण्यात दिवे लागले आणि चहा आला. आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि कप हळूच बाजूला सरकवला. "नको सायेब. दिवस मावळला."

मी चिकोडी भागात नोकरी केलेली. सूर्य मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंबही न घेणारी जुनी जैन माणसं मला नवी नव्हती. टपरीवाल्याचे शब्द तेव्हा माझ्या डोक्यात नीट बसले. दवाखान्यात रात्रीचं जेवण दिवे लागल्यावर येतं. मुलगाही शेताची कामं आटोपून रात्रीच यायचा. मग हा माणूस कुणाच्या जेवणाची ढेकर देत होता?

मी मुलाला कागदांच्या झेरॉक्स काढायला बाहेर पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढली. "आजोबा, जेवत कुणाकडे होता?"

त्यांचा चेहराच पडला. "बहिणीकडं," ते म्हणाले. "दवाखान्याच्या मागल्या गल्लीत ऱ्हाती. तिनं जमिनीत वाटा मागितला, कोर्टात दावा लावला. तवा म्या बस्तीत, आमच्या जैन देवळात, देवासमोर बोललो, तिच्या घरचं पाणी बी पिणार न्हाय. पोराला बी तिचं दार बंद केलं. आत्तीच्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोर, पण माझ्या शब्दाखातर गप बसलं. दवाखान्यात पयल्या दिवशी उपाशी झोपलो. दुसऱ्या दिवशी पाय तिकडंच वळलं बघा. पोराला सांगितलं, नर्सबाई लवकर जेवाण देतात. आता कुठल्या तोंडानं खरं सांगू? गुन्हा लिवा सायेब, पण ह्ये त्याला कळाय नको."

"आणि आजीचं ऑपरेशन?"

त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. शब्दाला जागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण मोडलेला शब्द लपवण्यासाठी बायकोचा जीव टांगणीला लावणारा हा पहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या बहिणीच्या दारात उभा राहिलो. बाई साठीच्या, ठसठशीत. "व्हय, मीच वाढलं," त्या बेधडक म्हणाल्या. "मऊ भात आन् मुगाची आमटी. आजारी भावाला जेवाय घालणं गुन्हा असंल तर चला, येतो मी."

"भाऊ दवाखान्यात आहे हे तुम्हाला कळलं कसं?"

त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "भाच्यानं सांगितलं की! बाजारच्या दिवशी दुपारचं जेवाय हितंच असतोय त्यो. आप्पांना सांगू नको म्हणून मला शपथ घातलीया. सांजेला अण्णा, माझा भाऊ, आला, त्यानं बी हीच शपथ घातली. मी दोन्ही पाळल्या. आता पोलीसच दारात आलाय म्हटल्यावर काय करू?"

अंगावर वर्दी होती, तरी मला हसू आवरलं नाही.

मी तिघांनाही ठाण्यात बोलावलं. आमचं ठाणं कर्नाटकातलं, म्हणून बाईंचा जबाब कन्नडमध्ये लिहिला होता. मी तो मराठीत वाचून दाखवला. भाच्याच्या जेवणाचा भाग आला तशी मुलाची मान खाली गेली. आजोबा त्याच्याकडे बघतच राहिले.

"तू बी?"

"व्हय, आप्पा."

"कवापास्नं?"

"मी कवा बंदच केलं न्हवतं."

बाईंनी दोघांनाही झापलं. "दावा दाव्याच्या जागी हाय, अण्णा. माझा वाटा मी सोडणार न्हाय. पण जेवायचं बंद करा म्हणून कुठल्या कोर्टानं सांगितलं हुतं?"

आजोबांना रडू फुटलं आणि त्यातच हसूही आलं. सही करताना त्यांनी मला विचारलं, "बहिणीकडं जेवलो, ह्ये लिवलंय न्हवं? ऱ्हाऊ द्या तसंच."

पुढची कामं भराभर झाली. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसलेल्या नर्सनेही त्यांना रोज संध्याकाळी बाहेर सोडल्याचं कबूल केलं. डॉक्टरांचा जबाब आणि लॅबचे रिपोर्ट जुळले. दाखल होणं खरं होतं, फसवणूक नव्हती, असा अहवाल मी पाठवला आणि अर्ज निकाली काढला. कंपनीने फेरतपासणी करून क्लेम मंजूर केला. हातमोजे आणि कापसाचे पैसे तेवढे कापले, ते कुणाला चुकत नाहीत! पॉलिसी शाबूत राहिली. पुढे आजींचं ऑपरेशन बेळगावात सुखरूप झालं आणि ते कळलं त्या दिवशी माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. दवाखान्यात असताना बाहेर पडायचंच असेल तर डॉक्टरांची परवानगी घ्या आणि नोंद करून जा, एवढं मात्र मी म्हाताऱ्या माणसांना तेव्हापासून आवर्जून सांगतो.

उत्तर टाळणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा, हे आम्हाला नोकरीच्या सुरुवातीपासून शिकवलेलं. ते चुकीचं नाही. पण माणूस नेहमी पापच लपवतो असं नाही. कधी कधी तो माया लपवतो, आणि तिची त्याला जास्त लाज वाटते. त्यानंतरच्या थोड्याशा नोकरीत, समोरचा माणूस हट्टाने गप्प बसला की मी लेखणी खाली ठेवायचो आणि आधी विचारायचो, जेवलात का? आणि मग विचारायचो, कुणाकडे?