पावणेसात किलोचं बाळ

बिरवाडीला एका छोट्या संस्थेत मी कॉम्प्युटरवर बसायचे. महाडच्या क्लासमध्ये नुकतीच सी भाषा शिकले होते आणि जमिनीला पाय लागत नव्हते. पोलादपूरकडच्या वाड्यांतल्या बाळांच्या वजनांचा प्रोग्राम मीच लिहिला होता. अंगणवाडीच्या ताई वही उघडून वजनं सांगत, सव्वासहा, साडेसात, पावणेआठ, आणि मी ती दशांशात टाइप करी. दर तीन महिन्यांनी कुणाचं किती वाढलं याची यादी छापून वाडीत जाई आणि ताई ती आयांना वाचून दाखवत.

एका यादीनंतर एक बाई बाळाला कडेवर घेऊन एसटीने थेट ऑफिसात आली. तिच्या बाळापुढे वाढ शून्य छापली होती. कॉम्प्युटर चुकत नाही, असं मी तिला बऱ्यापैकी तोऱ्यात ऐकवलं.

ती भांडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "तीन महिने नाचणीची पेज भरवतेय, बाय. सासू म्हणते, पोराच्या तोंडचं तूच खातेस."

मी ताईंनी ऑफिसात ठेवलेली वही काढली. आधीचं वजन सव्वासहा, आताचं पावणेसात. म्हणजे अर्धा किलो वाढ, आणि माझ्या प्रोग्राममध्ये दोन्हीकडे नुसते सहा. रकाने सरळ रेषेत दिसावेत म्हणून वजन साठवायला मी पूर्णांकाचा प्रकार निवडला होता. त्यात दशांशाचा आकडा घातला की टिंबापुढचं सगळं निमूट गळून पडतं, मशीन हूं की चूं करत नाही. वर्गात हे मी पाठ केलं होतं. पण सव्वा, साडे, पावणे यांवरच ज्यांची वाढ मोजली जाते, अशी माणसं तेव्हा डोळ्यांसमोर नव्हती. मला फार लाज वाटली.

प्रोग्राममधला तो एक शब्द बदलला, वहीतली वजनं परत भरली आणि यादी पुन्हा छापली. तिने कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि हळूच म्हणाली, "घरात वाचणारं कोण नाय."

मग मीच तिच्याबरोबर एसटीत बसले. वाटेत बाळ माझ्या मांडीवर झोपलं. बोलायचं काय ते मी मनात घोळवत होते.

सासू अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी कागद उघडलाच नाही. म्हटलं, आजी, पोर अर्धा किलो वाढलंय, चूक माझी होती, तुमच्या सुनेची नाही. म्हातारीने मान वर केली नाही. पाखडणं मात्र थांबलं. तिने सूप बाजूला ठेवलं, सुनेच्या कडेवरचं बाळ स्वतःकडे घेतलं, आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस का गो तू?"

सून दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली.