नुसते टेकलेले पत्रे

पत्रे पुरवणाऱ्या देसाईंनी मला फसवलं, आणि कंबर मोडली आमच्या कामगाराची, रफीकची. दोन पत्रे चिकटवून केलेली, 'तपासले' असा शिक्का असलेली त्यांची फळी मी नेहमीसारखी टिचकी मारून, घासाघीस करून घेतली होती. उंचावर काम करताना रफीक तिच्यावर उभा राहिला, पत्रे सुटले आणि तो खाली कोसळला.

आज त्या फळीच्या न सुटलेल्या तुकड्याच्या कडेला तपासणीवाल्या बाईंनी यंत्र लावलं. कानाला न ऐकू येणारा आवाज पत्र्यातून धावत दुसऱ्या कडेला पोचला, तो बिघडूनच.

"शेठ, मध्ये पत्रे नुसते टेकलेत, चिकटलेले नाहीत."

"टिचकी तर खणखणीत वाजली होती!"

"टिचकीला एवढं कळत नाही."

माणसंही अशी टेकून वर्षं काढतात. देसाई मला भाऊ म्हणायचे.

देसाई, फळीवर 'तपासले' हा शिक्का कोणी मारला? रफीकच्या खाटेपाशी येऊन सांगा.