कांताआक्काचं माहेर

निपाणीत अक्कोळ रस्त्याच्या आतल्या बाजूला बैठ्या खोल्यांची एक ओळ आहे. तिथल्या शेवटच्या खोलीत कांताआक्का ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. आता तिची पन्नाशी उलटली आहे. तिच्याकडं येणाऱ्या नव्या पोरींना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण एकेकाळी ह्याच गल्लीतल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "शिवायला कांताकडं टाक, पण तिच्या तोंडाला लागू नकोस."

ती मूळची सदलग्याची. जैनांचं घर, दूधगंगेच्या काठाला ऊस-तंबाखूचं रान. वडील लवकर गेले. मागं आई, कांता आणि तिच्याहून बराच लहान भाऊ अभिनंदन. आईला दोघंही आव्वा म्हणत. लग्न होऊन कांता निपाणीत आली. नवरा विनय तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होता. मूलबाळ झालं नाही, आणि एका उन्हाळ्यात विनय काविळीनं गेला. आव्वा म्हणाली, "चल घरला." कांता म्हणाली, "भावाच्या घरात किती दिवस पाहुणी राहू?" आणि शिलाई मशीन घेऊन ती ह्या खोलीत आली. दुःखानं माणूस मऊ होतो म्हणतात. कांता कडू झाली. नळावर भांडण, घरमालकिणीशी भांडण, गिऱ्हाइकाशी भांडण.

शेजारच्या खोलीत रुक्माबाई नावाची ख्रिस्ती म्हातारी एकटी राहायची. मोतीबिंदूनं तिला अक्षर दिसेनासं झालं. एक दिवस भिंत चाचपत ती कांताच्या दारात आली.

"पोरी, तुला वाचता येतंय. रोज बायबलाचं एखादं पान मला वाचून दाखवशील?"

कांता गेली ती काही दयेनं नाही. संध्याकाळ खायला उठायची म्हणून गेली. येशूच्या गोष्टी ती पेपरातली बातमी वाचावी तशी कोरडेपणानं वाचायची. मग एकदा, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या ठिकाणी ती थांबली.

"आज्जी, ह्यातलाच एकजण त्याला धरून देणार हुता न्हवं?"

"व्हय."

"आणि हे त्याला ठावं हुतं?"

"ठावं हुतं."

"तरी त्याचंबी पाय धुतलं?"

"तरी धुतलं."

त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही. आपल्याशी वाईट वागलेल्यांची नावं कांताला तोंडपाठ होती. घरी येऊन ती अंधार पडेपर्यंत मशीनपुढं नुसती बसून राहिली. पुढं दोनेक वर्षं वाचन चाललं, आणि एका रविवारी तिनं बाप्तिस्मा घेतला. कुणी ओढलं नव्हतं, कुणी आमिष दाखवलं नव्हतं. तिला तो पाय धुणारा माणूस हवा होता, एवढंच.

पण माणूस एका दिवसात बदलत नाही. कांताची धार तशीच राहिली, फक्त तिला नवा विषय मिळाला.

भाद्रपदात ती सदलग्याला गेली तेव्हा जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चालू होतं. आव्वेचा कडक उपास होता. ओठ सुकलेले, तरी ती खुर्चीत बसून जप करत होती. कांतानं बाप्तिस्म्याचं सांगितलं. आव्वा काही बोलली नाही. त्या गप्प राहण्यानं कांता चेतली आणि बोलत सुटली. उपाशी राहून पाप धुतलं जात नाही, दगडापुढं बसून आयुष्य घालवलंस, बाबांनाही त्यातलं काही वाचवू शकलं नाही, असं सगळं. शेवटचं वाक्य ऐकून आव्वा उठली, भिंतीला हात लावत आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

अभिनंदन बाहेर आला. आवाज न चढवता म्हणाला, "आक्का, तू तुझा देव धर. पण आव्वेच्या उपासावर बोलायला हितं येऊ नकोस."

निपाणीला परतल्यावर कांता मोठ्या ताठ्यानं रुक्माबाईला म्हणाली, "माझ्यावर दार लावलं त्यांनी. पण मी येशूची साक्ष दिली."

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "साक्ष दिलीस का भांडलीस?"

"खरं तेच बोलले मी."

"येशू कुणाच्या आईला असं बोललेला तू मला अजून वाचून दाखवलं न्हाईस," रुक्माबाई म्हणाली, आणि तोंड फिरवून पडून राहिली.

कांताला राग आला. आठवडाभर ती तिच्याकडं फिरकली नाही. मग राग उतरला आणि त्याच्या जागी आव्वेचे सुकलेले ओठ दिसू लागले. ते पुढं कितीतरी वर्षं दिसत राहिले.

तिथनं तिचं खरं शिकणं सुरू झालं. आधी कापडाचं. ब्लाउज बेतताना उरलेला तुकडा ती ठेवून घ्यायची, सगळेच शिंपी घेतात. आता ती तो घडी घालून ब्लाउजाबरोबर परत देऊ लागली. एका बाईनं विचारलंच, "मग इतके दिवस उरलेलं कुठं जात हुतं गं?" कांता खाली बघत म्हणाली, "मीच ठेवत हुते." पूर्वी असं कुणी विचारलं असतं तर तिनं त्या बाईला दारात उभं केलं नसतं.

जिभेचं मात्र अवघड होतं. महिना महिना बरा जायचा, आणि मग घरमालकिणीच्या सुनेनं नळावर तिची घागर बाजूला सारली की सगळं बाहेर यायचं. एकदा तर तिनं त्या पोरीच्या माहेराचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेली तर पोरीनं दार उघडलं नाही.

"मला हे जमायचं न्हाय आज्जी," ती रुक्माबाईजवळ रडली.

"आज बोललीस, उद्या माफी माग. परवा परत बोलशील, परत माग. मी अजून मागतेच हाय की," म्हातारी म्हणाली.

कांता परत गेली. मग आणखी एकदा गेली. पुढं ती सून बाळंतपणाहून आली तेव्हा तिच्या घागरी कांताच भरून ठेवायची.

रुक्माबाई गेली आणि कांता अगदी एकटी पडली. रविवारी चर्चच्या मंडळीत गाणी व्हायची, माणसं प्रेमानं विचारपूस करायची, पण जेवायची वेळ झाली की तिला सदलगा आठवायचा. ती अजूनही माहेरच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवायची. मंडळीतली एकजण म्हणाली, "अजून जुनं सोडलं न्हाईस व्हय?" कांता म्हणाली, "हे जुनं न्हाय, आव्वेचं हाय. आत्ता तीबी ताटावर बसली असंल."

कधी कधी ती सकाळच्या बसनं सदलग्याला जायची. घरी नाही, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, समोर रस्त्यापलीकडं फुलवाल्याच्या टपरीला टेकून उभी राहायची. दर्शन करून आव्वा बाहेर यायची, पांढरं लुगडं, हातात तांदळाची रिकामी वाटी. चालणं वरचेवर हळू होत चाललेलं. एकदा आव्वेची नजर थेट तिच्यावर आली. दोघी क्षणभर बघत राहिल्या. मग आव्वेनं पदर पुढं ओढला आणि घराची वाट धरली. कांता तिच्या मागनं वळणापर्यंत गेली, आणि तिथनं परत फिरली.

अशी वर्षं गेली. मग एका श्रावणात अभिनंदनचा फोन आला.

"आक्का, आव्वा न्हाणीत पडली. मांडीचं हाड मोडलंय. बेळगावात आप्रेशन झालं, आता घरी आणलीया." मग त्यानं बायकोचं सांगितलं. "दीप्तीला आठवा चालू हाय. तिला वाकायचं न्हाय, उचलायचं न्हाय सांगितलंय. तू येशील?"

"येते."

"पण तुझा तो विषय..."

"मी काढणार न्हाय रं. आव्वेला विचारलंस का?"

"न्हाय," अभिनंदन म्हणाला. "तू ये."

कांता खोलीत शिरली तेव्हा आव्वेनं भिंतीकडं तोंड केलं. चार दिवस ती कांताशी बोलली नाही. कांतानंही बोलावं म्हणून हट्ट धरला नाही. तिचं अंग पुसलं, बेडपॅन धुतलं, पाणी फडक्यानं गाळून उकळलं, कांदा-लसूण न घालता आमटी केली, आणि ऊन असतानाच भरवलं. तिच्या हातचं खाताना आव्वा डोळे मिटून घ्यायची. पाचव्या दिवशी तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "मीठ कमी हाय."

कांता स्वयंपाकघरात गेली आणि पदर तोंडात धरून रडली.

पर्वाचे दिवस आले. आव्वेला बस्तीत जाता येत नव्हतं, त्याचा तिला फार त्रास व्हायचा. एका सकाळी ती कांताला म्हणाली, "आज पाठ कोण म्हणणार? तूच म्हण. ल्हानपणी तुला यायचं सगळं."

कांताला अजूनही सगळं येत होतं. हो म्हटलं असतं तर आव्वा सुखावली असती. ती पलंगाजवळ बसली.

"आव्वा, माझ्या तोंडातनं ते आता खरं निघायचं न्हाय. तुझ्यापुढं खोटं म्हणू वाटत न्हाय मला. दीप्तीला बोलावते."

तिनं दीप्तीला खुर्ची आणून दिली, पाठीशी उशी लावली. दीप्ती म्हणत होती तोवर आव्वेला बसतं धरून कांता तिच्या मागं बसून राहिली. अवघडून हात बधिर झाले, तरी सोडले नाहीत. संपल्यावर आव्वा म्हणाली, "पयल्यासारखी असतीस तर मला चार गोष्टी ऐकवल्या असत्यास."

"असत्या," कांता म्हणाली.

पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी घरोघरची माणसं हात जोडून क्षमा मागून गेली. सगळी गेल्यावर कांतानं आव्वेच्या पायांवर डोकं टेकलं. "उपासाच्या दिवशी मी तुला बोलले. बाबांचं बोलले. चुकलं माझं आव्वा."

 आव्वेचा हात कांताच्या डोक्यावर आला. "मीबी दार लावलं हुतं," ती म्हणाली. "तू रस्त्यापलीकडं उभी राहायचीस, मला दिसायचं. पाय वळत न्हवते."

दिवाळीपर्यंत आव्वा काठी धरून चालू लागली. दीप्तीला मुलगी झाली. कांता निपाणीला परतली, पण आता महिन्यातनं एक-दोनदा ती सदलग्याला जाते, आणि सरळ घरात जाते.

सगळं मिटलं असं मात्र नाही. मध्यंतरी आव्वेनं तिला विचारलं, "परत येशील न्हवं आपल्या वाटंला?" कांता म्हणाली, "न्हाय आव्वा." त्या दिवशी दोघींनाही जेवण गेलं नाही. बसमध्ये बसल्यावर कांताला वाटलं, एका शब्दानं आईला किती सुख देता आलं असतं, आणि तेवढा एकच शब्द आपल्याजवळ नाही. तिलाही आव्वेकडून तेच हवं आहे, तिनं आपल्या वाटेला यावं. ते ती तोंडानं बोलत नाही.

गेल्या खेपेला ती सोप्यात बसून आव्वेच्या केसांना तेल लावत होती. केस आता मूठभरच उरलेत.

"काय पुटपुटतीयास?" आव्वेनं विचारलं.

कांताचा हात थांबला. "तुझ्यासाठी मागत हुते."

"काय मागत हुतीस?"

"तू माझ्याजवळ असावीस. हितं, आणि हितनं गेल्यावरबी."

अंगणात दीप्तीची पोरगी खेळत होती. आव्वा तिच्याकडं बघत राहिली.

"मीबी रोज तेच मागतीया गं," ती म्हणाली. "माझ्या वाटंनं." मग मान जरा मागं केली. "अंबाडा घट्ट घाल. सैल झाला की सुटतोय."